फ्लिंटलॉकने हरणाची शिकार: पन्नास कॅलिबरच्या गोल गोळीमागे दारू किती भरावी?

पोकोनोचा_पाहुणा
नमस्कार मंडळी. मी पेनसिल्व्हेनियात, लीहाय व्हॅलीत राहतो. नाताळ झाला की इथे चकमकीच्या बंदुकीचा, म्हणजे फ्लिंटलॉकचा, हंगाम सुरू होतो. तोंडातून भरायची, चकमकीने पेटणारी बंदूक, निदान ४४ कॅलिबरची, आणि वर दुर्बीण चालत नाही. साध्या रायफलने शिकार केली आहे, पण यंदा पहिल्यांदाच हे करणार आहे.

बंदूक पन्नास कॅलिबरची (नळीची पोकळी अर्धा इंच रुंद), नळी ३८ इंच, आतल्या आट्यांचा पीळ ६६ इंचांत एक वेढा. गोळी ०.४९० इंचाची, शुद्ध शिशाची, कापडी पॅचमध्ये गुंडाळलेली. दुकानातल्या माणसाने सांगितलं, ११० ग्रेन (साधारण सात ग्रॅम) दारू भर, हरीण जागेवर बसेल. क्लबातले जुने लोक म्हणतात ७० पुष्कळ झाली. एवढी तफावत कशी? जंगल दाट आहे, ७० यार्डांपलीकडे बार मिळणं कठीणच. जनावर जखमी होऊन पळून जाऊ नये, ही माझी मुख्य काळजी. जाणकारांनी कारणांसकट सांगावं.

लँकेस्टरकर
दोघांचंही ऐकू नका, आधी नळीला विचारा. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. एकाच कारागिराच्या दोन बंदुकाही वेगवेगळ्या मापावर खूश होतात.

पन्नास कॅलिबरला ५० ग्रेनपासून सुरुवात करा. भक्कम टेकूवरून, ५० यार्डांवर, एका मापाचे निदान ५ बार. मग ५-५ ग्रेन वाढवत जा. प्रत्येक बारानंतर ओली चिंधी आणि मग कोरडी चिंधी फिरवायची, नाहीतर दहाव्या बाराला नळीतली काजळीच निकाल ठरवते. एका मापाशी भोकं जवळजवळ येतील, पुढे वाढवलंत की पुन्हा फाकतील. जिथे जवळ आली, ते तुमचं माप. माझ्या अंदाजाने तुमचं ७० ते ८५ च्या मध्ये कुठेतरी येईल.

आणि उडालेले पॅच वेचा. निशाणाकडे सगळे बघतात, जमिनीवरच्या चिंध्यांकडे कोणी बघत नाही. दहा-पंधरा यार्डांत पडलेल्या असतात. मधोमध काळा ठसा आणि कडा थोड्या उसवलेल्या असतील तर उत्तम. मधेच जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ आहे, वंगण कमी आहे किंवा दारू जास्त होतेय. गोलाकार चिरे पडले असतील तर नळीच्या तोंडाशी आट्यांची धार तीक्ष्ण आहे. नव्या नळीत हे सर्रास होतं, बारीक स्टील वूलने घासून मऊ करता येतं. पॅच फाटला की गोळी आट्यांना धरत नाही आणि जिकडे वाट मिळेल तिकडे जाते. तुम्ही दोष दारूला देत बसता.

गणिताचा_नाद
लँकेस्टरकरांच्या अनुभवाला थोडे आकडे जोडतो.

०.४९० ची शिशाची गोळी साधारण १७७ ग्रेनची. ७० ग्रेन दारूवर ती तोंडातून सेकंदाला १६५० फुटांच्या आसपास निघते, ११० वर साधारण २००० ने. म्हणजे तोंडाशी ३५० फुटांचा फरक. पण गोल गोळी हवेत फार वाईट उडते. ध्वनीच्या वेगापेक्षा जितकी जोरात जाल तितकी हवा जास्त अडवते, त्यामुळे वाढवलेला वेग सगळ्यात आधी उधळला जातो. शंभर यार्डांवर पोचेपर्यंत हा फरक शंभरेक फुटांवर येतो. दोन्ही गोळ्या तेव्हा ध्वनीच्या वेगाच्या आसपासच असतात.

म्हणजे ४० ग्रेन दारू जास्त जाळून, खांद्याला धक्का जास्त खाऊन आणि पॅच फाटायचा धोका पत्करून हरणाजवळ हाती लागतं ते एवढंच.

निशाणेबाजांत एक ठोकताळाही चालतो. नळीच्या पोकळीतल्या दर घन इंचाला साडेअकरा ग्रेन काळी दारू उपयोगी पडते, त्यापुढची बरीचशी वाया जाते. तुमची नळी ५० कॅलिबर आणि ३८ इंच, म्हणजे साधारण साडेसात घन इंच. गुणाकार ८६ ग्रेनच्या आसपास येतो. दुकानदाराची ११० त्याच्या बरीच वर आहे.

मिशिगनचा_मामा
मी विरुद्ध बाजूने बोलतो. ५४ कॅलिबर, १०० ग्रेन एफएफजी (दोन एफवाली, जाडसर दाण्याची दारू), वर्षानुवर्षं हेच. आमच्याकडे मक्याच्या शेतांच्या कडेला हरणं उभी असतात, बार ९०-१०० यार्डांवर घ्यावा लागतो. कमी दारूची गोळी तिथवर जाता जाता इतकी खाली येते की अंतराचा अंदाज दहा-पंधरा यार्डांनी चुकला तर पोटाखालून जाईल. भारी बाराने मार्ग सपाट होतो, चुकीला थोडी जागा मिळते. आणि माझी बंदूक त्या मापावर शंभर यार्डांना हाताच्या पंज्यात गोळ्या घालते. मग का घाबरायचं?

गणिताचा_नाद
मामा, तुमचं तुमच्या जागी बरोबर आहे, पण तुमची गोळी वेगळी आहे. ५४ मध्ये ०.५३० ची गोळी जाते. व्यास आठच टक्के जास्त, पण वजन व्यासाच्या घनाने वाढतं, म्हणून ती २२४ ग्रेनची होते, सव्वापटीपेक्षा जास्त. जड गोळी वेगही टिकवून धरते आणि आत खोलही जाते. गोल गोळीच्या बंदुकीत ताकद हवी असेल तर दारू वाढवण्याऐवजी कॅलिबर वाढवावं. पाहुण्यांकडे पन्नास आहे आणि दाट जंगल आहे.

सपाट मार्गाचं म्हणाल तर १८०० च्या वेगाला ५० यार्डांवर निशाण जुळवलं की १०० यार्डांवर गोळी पाचेक इंच खाली लागते. ७० यार्डांपर्यंत हा प्रश्न जवळजवळ येतच नाही.

मिशिगनचा_मामा
हे मान्य. ७० यार्डांच्या आत मीही १०० भरा म्हणणार नाही. पण "कमीच चांगलं" असा सरसकट नियम कोणी करू नये एवढंच म्हणणं आहे.

देवगडवाला
धागा वाचून आमच्या परड्यातली ठासणीची बंदूक आठवली. कोकणात शेतीच्या राखणीचे परवाने असतात, सिंधुदुर्ग-रत्नागिरीत अजून पुष्कळ घरांत आहेत. आजोबांची केप (ठोका बसला की पेटणारी छोटी टोपी) लावून उडणारी होती, आतून गुळगुळीत नळी, आटे नाहीत. माकडं आणि डुकरं बागेतून हाकलायला नुसता आवाजाचा बार काढायचे. दारूवर काथ्या ठासायचे, गजाने ठोकून ठोकून.

पण आजोबांचे दोन नियम कडक होते आणि ते इथेही लागू पडतील. एक, दारू कधीच थेट डब्यातून नळीत ओतायची नाही, आधी मापात घ्यायची. आत ठिणगी शिल्लक असली तर मापापुरतीच पेटेल, डबा हातात फुटणार नाही. दुसरा, ठासलेलं दारूला टेकलंच पाहिजे, मधे पोकळी ठेवायची नाही. शेजारच्या वाडीत एकाची नळी अशीच फाटली होती, डाव्या हाताची बोटं गेली.

लँकेस्टरकर
देवगडवाले, अगदी लाखमोलाचं बोललात. आम्ही त्यासाठी गजावर खूण करतो. ठरलेलं माप भरून गोळी दारूला टेकली की तोंडाशी गजावर रेघ मारायची. दर वेळी रेघ तोंडाशी आलीच पाहिजे. वर राहिली तर गोळी अडकली आहे, खाली गेली तर दारूच कमी पडली आहे.

आणि नवख्यांसाठी तिसरा नियम: या बंदुकीत फक्त काळी दारू किंवा तिच्याच मापाने वापरायचा पर्याय. काडतुसातली धूरविरहित पावडर चिमूटभरही नाही. नळी फुटते.

शांतिवन
मला हा सगळा धागा वाचून वाईट वाटलं. हरणासारखं गरीब जनावर, त्याला मारायच्या मापांची इतकी बारकाईने चर्चा? भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, ती काही उगाच नाही. मराठी माणसाने परदेशात जाऊन हा छंद धरावा का?

वर्षा_ओहायो
शांतिवन, तुमच्या भावनेचा आदर आहे. मी शाकाहारी घरातली, मलाही हे पटायला वेळ लागला. पण इथली परिस्थिती समजून घ्या. पेनसिल्व्हेनियात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हरणं जवळपास संपली होती, बाजारासाठी बेसुमार मारल्यामुळे. १८९५ मध्ये गेम कमिशन, म्हणजे राज्याचं वन्यजीव खातं, स्थापन झालं, १९०६ पासून मिशिगनहून हरणं आणून सोडली, शिकारीला हंगाम आणि संख्या लावली. लांडगे आणि डोंगरी सिंह तोवर नाहीसे झालेले. मग हरणं इतकी वाढली की जंगलातली ओकची रोपं वाढायच्या आत खाल्ली जाऊ लागली. आता ती संख्या आटोक्यात ठेवायचं काम मुख्यतः परवानाधारक शिकारीच करतात. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि दारूगोळ्यावरचा कर वन्यजीवांच्या कामाला जातो.

भारतातली बंदी भारतासाठी योग्यच आहे, तिथे आपण पूर्वी काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. दोन देशांची जंगलं वेगळी. आणि मापांची बारकाई म्हणाल तर ती नेमकी यासाठीच आहे, की जनावर तडफडू नये.

शांतिवन
माहितीबद्दल धन्यवाद. मन अजून तयार होत नाही, पण शेवटचं वाक्य पटलं. चर्चा थांबवत नाही.

उशीची_खोळ
चांगला जाड पॅच म्हणजे उशीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या जाड सुती कापडाचा, असं सगळीकडे वाचलं. आमच्या घरातल्या दोन खोळी गेल्या महिन्यात गायब झाल्यात. नवऱ्याला हा धागा दाखवते. :)

लँकेस्टरकर
हा हा. त्यांना सांगा, कापड धुऊन खळ काढून मग वापरा. शंभर टक्के सुतीच हवं, पॉलिएस्टर वितळून नळीला चिकटतं. जाडी ०.०१५ ते ०.०१८ इंच. गोळी बोटाने सहज आत गेली तर पॅच पातळ आहे. छोट्या ठोकणीने एक ठोका द्यावा लागला पाहिजे. रेंजवर थुंकीने भिजवलेला पॅच सगळ्यात छान चालतो, पण शिकारीत बंदूक तासन्‌तास भरलेली राहते, थुंकी सुकते आणि दारू ओलावते. तिथे मेण आणि चरबीचं मिश्रण किंवा मिंक ऑइल. पेट्रोलियमची ग्रीस लावू नका, काळ्या दारूबरोबर तिचं डांबर होतं.

इतिहासवेडा
थोडं अवांतर. आटे आणि पॅच यांनी एवढा फरक पडतो तर जुन्या लढायांत सगळ्यांनी तेच का वापरलं नाही? १८०३ ला असईच्या लढाईत ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींकडे ब्राउन बेस मस्केट होती, ७५ कॅलिबरची गुळगुळीत नळी, गोळी मात्र ०.६९ च्या आसपासची. म्हणजे मुद्दाम सैल! काजळी साचली तरी गोळी पटकन खाली जावी म्हणून. मिनिटाला तीनेक बार निघायचे, नेम मात्र रांगेपुरताच. आट्यांच्या बंदुकीत पॅच घट्ट ठासायचा म्हणजे वेळ जास्त. शिकाऱ्याला एकच बार पुरतो, म्हणून पेनसिल्व्हेनियाच्या जर्मन कारागिरांची लांब रायफल जंगलात शोभली आणि मैदानी लढाईत सैल गोळीची मस्केट टिकली.

पोकोनोचा_पाहुणा
अवांतर चालू द्या, मजा येतेय. एक शंका: एफएफजी घ्यावी की एफएफएफजी? आणि इथल्या दुकानात खरी काळी दारू मिळत नाही, पर्यायी पावडर मिळते. चालेल का?

वर्षा_ओहायो
फ्लिंटलॉकला पर्यायी पावडर टाळा. पायरोडेक्ससारखी पावडर पेटायला काळ्या दारूपेक्षा बरंच जास्त तापमान लागतं. टोपीच्या बंदुकीत चालते, चकमकीच्या ठिणगीवर मात्र प्यालीत (नळीबाहेरच्या, ठिणगी पडते त्या छोट्या वाटीत) भपका होतो आणि आतलं काही पेटत नाही. हरीण तुमच्याकडे बघत उभं, तुम्ही हरणाकडे. खरी काळी दारू मागवून घ्या. लुइझियानातला गोएक्सचा कारखाना २०२१ मध्ये बंद झाला होता तेव्हा सगळ्यांचे हाल झाले, पण पुढच्या वर्षी एस्टीसने तो घेतला. स्विस दारूही मिळते, ती जरा जोरकस आहे, तेव्हा माप पुन्हा खालून तपासायचं.

पन्नासला दोन्ही चालतात. तीन एफवाली बारीक, लवकर जळते, दाब जास्त, काजळी कमी. दोन एफवरून तिच्यावर आलात तर माप १०-१५ टक्के खाली आणा. प्यालीत रंजक (आधी पेटणारी चिमूटभर दारू) म्हणून चार एफवाली, तीही प्याली काठोकाठ न भरता. रंजकाचं छिद्र दर वेळी सुईने मोकळं करा. चकमकीची धार गेली असेल तर बदला, हंगामात तिच्यावर कंजुषी करू नका.

आणि बार उडाला नाही तर नळी निशाणाकडेच धरून निदान मिनिटभर थांबा. उशिरा पेटण्याचे प्रकार खरे आहेत.

बिबवेवाडी_ते_बफेलो
दारूवर इतकं बोलून झालं, आता गोळी लागल्यानंतरचं. माझ्या मते शिकार सफल होते की नाही ते इथेच ठरतं.

गोल गोळी रायफलच्या काडतुसासारखा धक्का देत नाही. ती शिशाचा मऊ गोळा आहे, चपटी होते, भोक पाडते, आणि रक्तस्रावाने जनावर मरतं. म्हणून जागा एकच, पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात, दोन्ही फुप्फुसांतून. जनावर आडवं किंवा किंचित पाठमोरं तिरकं उभं असलं तरच. समोरून, मानेवर, धावत्यावर नाही. खांद्याच्या जाड हाडावर पन्नासची गोळी लांबून मारू नका.

पुष्कळदा हरीण काहीच झालं नसल्यासारखं पळतं. शिवाय तुमच्यासमोर धुराचा पडदा, ते कुठे गेलं तेही दिसत नाही. खाली बसून धुराखालून बघा. मग बंदूक भरा, आणि अर्धा तास तरी जागचे हलू नका. मागे लागलात तर ते मैलभर जाईल, सोडलंत तर बहुतेक शंभर यार्डांत आडवं होतं. गोळी पलीकडे निघाली नसेल तर सुरुवातीला रक्त फार थोडं पडतं, प्रत्येक थेंबाला खूण बांधत जा. बर्फ असेल तर देवाची कृपा.

पाहुण्यांच्या मूळ काळजीचं उत्तर माझ्या लेखी यात आहे. ७० की ११० यापेक्षा, कोणत्या अंतरापलीकडे बार घ्यायचा नाही ते घरून ठरवून निघणं जास्त महत्त्वाचं.

मालवणी_मसाला
आणि मिळालंच तर? हरणाच्या मांसाचं सुकं करताना चरबी पूर्ण काढा, तिला उग्र वास येतो. मागच्या पायाचे तुकडे दह्यात रात्रभर, मग भाजलेलं वाटण आणि मंद आच.

वर्षा_ओहायो
मसाल्याच्या आधी दोन गोष्टी. गोळीच्या वाटेभोवतीचं मांस हात सैल सोडून कापून टाका. मंद वेगाची मऊ गोळी जलद रायफलच्या गोळीइतकी चुरा होत नाही, तरी शिसं ते शिसं, आणि घरात लहान मुलं असतात. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही.

दुसरं, हरणांचा सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग पेनसिल्व्हेनियात २०१२ मध्ये सापडला. रोगाचं क्षेत्र कुठे आहे ते गेम कमिशनच्या नकाशावर बघा, तिथलं हरीण असेल तर डोकं तपासणीला द्या आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये. मेंदू, मणका, प्लीहा खायचे नाहीत.

पोकोनोचा_पाहुणा
रेंजवरून आलो. लँकेस्टरकरांनी सांगितलं तसंच केलं, तीन एफवाली काळी दारू घेऊन. ५० आणि ५५ ला गोळ्या थोड्या पसरल्या, ६५ पासून जवळ येऊ लागल्या, ७५ ला ५० यार्डांवर पाचही भोकं चहाच्या बशीत मावतील अशी. ८५ ला पुन्हा फाकल्या आणि पॅचला मधे भोकं पडली. ०.०१५ ऐवजी ०.०१८ चं कापड लावून ८५ पुन्हा पाहिलं. पॅच टिकला, पण भोकं ७५ इतकी जवळ आली नाहीत. तेव्हा ७५ ग्रेन, ०.०१८ चं कापड, मेण-चरबी. शिकारीतल्यासारखं उभ्याने मारलं तेव्हा ६० यार्डांपर्यंत भरवसा वाटला. तीच माझी हद्द, ६१ वर कितीही मोठं शिंग दिसलं तरी नाही.

मिशिगनचा_मामा
शाब्बास. उभ्याने मारून बघितलंत हे फार चांगलं केलंत, टेकूवरचा नेम जंगलात कामाला येत नाही. आता एकदा थंड आणि स्वच्छ नळीतून पहिला बार कुठे जातो ते बघा. बऱ्याच बंदुकांत तो पुढच्या बारांपेक्षा वेगळ्या जागी लागतो, आणि हरणावर तोच पहिला बार असतो.

पोकोनोचा_पाहुणा
हे लक्षातच नव्हतं, उद्याच बघतो. एक शेवटचं: दिवसभर बार मिळाला नाही तर संध्याकाळी भरलेल्या बंदुकीचं काय करायचं?

लँकेस्टरकर
गाडीत ठेवण्याआधी प्यालीतली रंजक पूर्ण झटकून टाका, इथल्या नियमाप्रमाणे तेव्हाच फ्लिंटलॉक रिकामी धरतात. भरलेली बंदूक घराच्या उबेत आणू नका, थंड लोखंडावर दव धरतं आणि आतली दारू भिजते. त्यापेक्षा संध्याकाळी सुरक्षित जागी मातीच्या बांधात बार काढून टाका, आणि त्याच रात्री गरम पाणी आणि साबणाने नळी धुवा. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते, सकाळपर्यंत गंज धरतो. धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवा. दुसऱ्या दिवशी भरण्याआधी ते तेल कोरड्या चिंधीने काढायला विसरू नका, नाहीतर पहिलीच दारू ओली होईल.